आडांतली ऊब

घर बांधतांना माणसानें पायापुरतें जमिनींत उतरावें आणि मग वर पाहावें, अशीच आमची समजूत होती. आमचे चिरंजीव स्टॉकहोमच्या उत्तरेस, शहरापासून तासाभराच्या वाटेवर, नवें घर बांधीत होते. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तेथें पोंचलों तेव्हां घराचा लांकडी सांगाडा नुकता उभा राहिला होता, आणि मंडळींत वाद चालला होता तो भिंतींच्या रंगाचा नव्हे, तर हिंवाळ्यांत ऊब कोठून आणावी याचा.

या वादांत आम्हांस बोलण्याचा अधिकार कां पोंचत होता, तेंही सांगितलें पाहिजे. २०२२ सालीं वाईचा आमचा वडिलोपार्जित वाडा भावंडांनीं मिळून विकला. आमच्या वांट्याची रक्कम पुण्यास बँकेंत पडून होती. ती या नव्या घरांत लागावी, एखाद्या दाराच्या चौकटींत, एखाद्या खिडकींत, चार माणसांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं लागावी, अशी आमची इच्छा. चिरंजीवांनीं सुचविलेलें ठिकाण जमिनीच्या पोटांत १८० मीटर खोल होतें! पैसा पुरून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे; पण पुरलेला पैसा निदान कधींतरी उकरून काढतां येतो.

या यंत्रास तिकडे उष्णतेचा पंप म्हणतात, आणि तें नांव सार्थ आहे. पंप पाणी निर्माण करीत नाहीं, खालचें वर चढवितो. तसेंच हेंही यंत्र ऊब निर्माण करीत नाहीं. विंधनविहिरींत प्लॅस्टिकची दुहेरी नळी सोडलेली असते. तिच्यांतून गोठूं नये म्हणून मद्यार्क मिसळलेलें पाणी खेळतें व खडकाची थोडीथोडी ऊब घेऊन वर येतें. यंत्रांत दुसरा एक द्रव असतो, तो इतक्या थोड्या उबेनेंही उकळतो. त्याची वाफ दाबली म्हणजे चांगली तापते आणि ती उष्णता घराच्या पाण्यास देऊन पुन्हां द्रवरूप होते. आपल्या घरचें शीतकपाट हेंच करतें. त्याच्या पाठीस हात लावून पाहावा. विजेचा एक भाग खर्चून उबेचे तीन-चार भाग पदरांत पडतात. मात्र पाणी जितकें उंच चढवावें तितके श्रम अधिक, हा नियम येथेंही आहे. म्हणून भिंतीवरच्या लहान तापकांत पाणी फार तापविण्यापेक्षां तें जमिनीखालच्या नळ्यांतून ३५ अंशांच्या आसपास फिरविणें स्वस्त पडतें. नव्या घरास ती सोय करून घेतां येते, जुन्यास तशी सहज येत नाहीं.

ही कल्पनाही आजची नव्हे. विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं १८५२ सालींच ती मांडली होती. जमिनींतून ऊब घेण्याचें पेटंट १९१२ सालीं स्वित्झर्लंडांत निघालें. पण स्वीडनमधील लोकांस तिची खरी आठवण १९७३ सालीं तेलाच्या किंमती भडकल्यावर झाली. माणसास जमीन आठवते ती बहुधा अडचणींतच.

आम्ही हवेचा पक्ष घेतला. बाहेरच्या हवेंतून ऊब ओढणारें यंत्र बरेंच स्वस्त, आणि त्यास खोदकाम मुळींच नको. यावर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ज्या दिवशीं आपल्याला उबेची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशीं हवेजवळ ती सर्वांत कमी असते." आडव्या नळ्या अंगणांत मीटरभर खोलीवर पसरण्याचाही एक मार्ग होता, पण अंगण लहान, त्यांत मधून मधून खडकानें डोकें वर काढलेलें. तो प्रश्न तेथेंच मिटला.

त्या रात्रीं आम्हांस वाईचा आड आठवला. मार्गशीर्षांतल्या पहाटे पोहरा वर आला म्हणजे पाण्यावर वाफ दिसे, आणि वैशाखांत तेंच पाणी दांतांस झोंबे. आड थंडींत तापतो आणि उन्हाळ्यांत निवतो, असें आम्ही मुलें समजत होतों. वस्तुतः तो बारा महिने सारखाच असे. बदलत असे ती वरची हवा. कांहीं मीटर खालीं गेलें म्हणजे ऋतु संपतात आणि वर्षाची सरासरी तेवढी उरते. स्टॉकहोमकडे ती सात-आठ अंश. बाहेर उणे पंधरा असतां सात अंश म्हणजे मोठीच ठेव. वाडा घेणारानें तो आड बुजविला, असें पुढें कळलें.

आम्ही विंधनविहिरीस संमति दिली, तों दुसरा पेंच. एका कंत्राटदारानें १८० मीटरांचा हिशेब दिला होता, दुसरा १४० मीटरांत भागेल म्हणत होता. चिरंजीवांचें मन दुसऱ्याकडे झुकूं लागलें. घर बांधणाराचें मन त्या सुमारास कोणत्याही बचतीकडे झुकतें. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांनीं आपली हकीकत सांगितली. त्यांचें जुनें यंत्र वीस वर्षें चाललें. तें काढून त्यांनीं अधिक कार्यक्षम असें नवें बसविलें, आणि दोन हिंवाळ्यांतच विहीर थंड पडली! कारण असें कीं, नवें यंत्र वीज कमी घेतें, म्हणजे उरलेली सारी ऊब तें जमिनीकडूनच मागतें. जुन्या यंत्रास पुरणारी विहीर नव्यास आंखूड पडली. खडक हळूहळू निवत गेला, यंत्रांतला विजेचा तापक वरचेवर चालूं लागला आणि बिल फुगलें. आमच्या सौभाग्यवतींनीं हें सारें भाषांतरांतून ऐकलें आणि म्हणाल्या, "आडांत नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?" चिरंजीवांनीं म्हातारबुवांस त्या म्हणीचा अर्थ सांगितला तेव्हां ते कितीतरी वेळ मान हलवीत होते.

"वरचे चाळीस मीटर आमचे," आम्ही म्हटलें.

"वरचे नव्हेत, बाबा, खालचे," चिरंजीव म्हणाले.

नगरपालिकेची परवानगी, शेजाऱ्याच्या विहिरीपासून वीस मीटरांचें अंतर, हे सोपस्कार झाले. एके सकाळीं यंत्रगाडी आली. पोफळीच्या खोडाएवढें भोंक तें. पण आवाज असा कीं घरांत बोलणें अशक्य. पहिली चिकणमाती अपेक्षेपेक्षां जाड निघाली, आणि तीत घालावयाच्या पोलादी नळीचे पैसे मीटरागणिक वेगळे. माती किती जाड आहे हें खोदल्याखेरीज नेमकें कळत नाहीं, असें कंत्राटदारानें निर्विकारपणें सांगितलें. मग ग्रॅनाइट लागला. राखी रंगाचा चिखल उसळूं लागला, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं आवाज एकाएकीं थांबला. आम्ही जवळ जाऊन वांकून पाहिलें. दिसण्यासारखें अर्थात् कांहींच नव्हतें.

पुढल्या जानेवारींत आम्ही पुण्यास होतों. चिरंजीव दूरध्वनीवर यंत्राचे आंकडे वाचून दाखवीत: विहिरींतून येणारें पाणी तीन अंश, परत जाणारें शून्य, बाहेर उणे सतरा. ते आंकडे आम्ही दिनदर्शिकेच्या मागें उतरून ठेवीत असूं. सौभाग्यवतींचा प्रश्न निराळा होता. त्यांच्या सूचनेवरून सूनबाईंनीं यंत्राच्या खोलींत, उबदार फरशीवर, विरजणाचें भांडें ठेवण्यास सुरुवात केली होती. दही लागतें, पण अद्याप पुरे दोन दिवस घेतें.