रद्द झालेली मालिका आणि उघडलेली पिशवी



चळवळीच्या ब्लॉगवर विदेशी मालिकेचे काय काम, असे काही जण विचारतील. आमच्या विहारातील एका ज्येष्ठांनीही तेच विचारले होते. "पोरांनी अभ्यास करावा की जहाजं पाहावी?" त्यांना त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते अर्धवट होते. पूर्ण उत्तर आज लिहितो आहोत, आणि त्यात आमची स्वतःची चूक आहे म्हणून ते लिहायला वेळ लागला.

2022 चा डिसेंबर. बुलडाणा जिल्ह्यातील आमच्या गावच्या विहारालगत एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके, दोन टेबले, एक सतरंजी आणि कोपऱ्यात लोंबकळणारा एक एक्स्टेन्शन बोर्ड. रात्री नऊनंतर अभ्यास आटोपला की आम्ही दहा-बारा जण एका मित्राच्या लॅपटॉपवर '1899' ही नेटफ्लिक्सची मालिका पाहू लागलो. खाली इंग्रजी अक्षरे यायची आणि ज्याला झटकन वाचता येई तो वऱ्हाडीत सांगायचा. "कप्तान म्हणते, जहाज माघारी फिरवा." "काहून?" "ते त्यालेच माहीत नाही ना बे."

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डार्क' ही गाजलेली जर्मन मालिका करणाऱ्या बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझे यांचीच ही पुढची निर्मिती. आठ भाग. 1899 साली 'केर्बेरॉस' नावाची आगबोट युरोपातून न्यूयॉर्ककडे निघाली आहे. चार महिन्यांपूर्वी बेपत्ता झालेले 'प्रोमेथियस' हे जहाज तिला वाटेत सापडते. त्यावर माणसे नाहीत. आहे तो फक्त कपाटात कोंडलेला एक मुका वाटणारा मुलगा. त्यानंतर केर्बेरॉसवर माणसे मरू लागतात. पात्रे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, पोलिश, डॅनिश, कँटोनीज अशा आपापल्या भाषांत बोलतात, आणि बऱ्याचदा एकाचे दुसऱ्याला कळतच नाही.

पहिल्याच भागाने आम्हाला धरून ठेवले ते जहाजाच्या रचनेमुळे. वर पहिला वर्ग, झुंबरे आणि जेवणाची टेबले. खाली तिसरा वर्ग, जाळीच्या दाराआड. त्याहून खाली कोळसा टाकणारे. तिसऱ्या वर्गातला एक तरुण गर्भवती बहिणीसाठी डॉक्टर मागायला वर येतो, तर त्याला मागे लोटतात. आमच्यातली एक ताई लगेच म्हणाली, "हे तं 'मूकनायक'मधलं आहे." बरोबर होते. 31 जानेवारी 1920 च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. शिवाय न्यूयॉर्कच्या बोटीने आमच्या बापानेही प्रवास केला होता. 1913 मध्ये ते तिथे उतरले. 1917 मध्ये परतताना त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती टॉर्पेडोने बुडाली. त्या रात्री मालिका थांबवून आम्ही यावरच बोललो. ज्येष्ठांना आम्ही दिलेले उत्तर हे एवढेच होते, की मालिकेतून व्यवस्था समजते.

पण व्यवस्था समजणे सोपे असते, जोवर आपण स्वतःला खालच्याच मजल्यावर धरून चालतो.

आमच्यात एक अकरावीतला मुलगा येऊ लागला होता. गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरचा. बेड्यावर वीज धड नव्हती, म्हणून तो अभ्यासाला यायचा. दाराजवळ बसायचा, कुणाला फारसे बोलायचा नाही. मालिका मात्र डोळे न मिटता पाहायचा. कपाटातला तो न बोलणारा मुलगा पडद्यावर आला की हा पुढे सरकायचा.

मालिकेच्या मध्यावर एक प्रसंग आहे. मरणे थांबत नाहीत. कारण कुणालाच कळत नाही. मग खालच्या वर्गातले काही प्रवासी आणि काही खलाशी मिळून ठरवतात की हे सगळे त्या मुलामुळेच होत आहे. पुरावा काहीच नाही. तो परका आहे, बोलत नाही, आणि तो आल्यापासून हे सुरू झाले, एवढेच. जमाव त्याला समुद्रात फेकतो. आम्ही सगळे हळहळलो. कुणी तरी म्हणाले, "साले, स्वतः पिंजऱ्यात आहेत आन् लेकराले मारतात." श्रेणीबद्ध विषमतेवर त्या रात्री चांगली चर्चा झाली.

दुसऱ्याच रात्री एकाचा मोबाईलचा चार्जर सापडेना.

दहा मिनिटे शोधाशोध झाली. मग एक जण हळूच म्हणाला, "त्याले विचारा ना." 'त्याले' म्हणजे कुणाला, हे सांगावे लागले नाही. त्या मुलाने स्वतःहून पिशवी पुढे केली. ती उघडली गेली. आत एक वही, एक पुस्तक आणि पाण्याची रिकामी बाटली होती. तो पिशवी घेऊन निघून गेला आणि परत आला नाही. आम्ही तिथेच होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, कलंक आणि पूर्वग्रह यांवर गुण मिळवलेले आम्ही एक शब्द बोललो नाही. तीन दिवसांनी झाडताना चार्जर सतरंजीच्या घडीत मिळाला.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारधीही त्यात भरडले गेले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. कागदावर रद्द झाला. आमच्या अभ्यासिकेत, भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, तो त्या रात्री लागू होता.

आमच्या जिल्ह्यात लोणार आहे. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा कोप, अपशकुन असे काय काय ऐकू आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि कारण निघाले ते खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. तेव्हा आम्ही वस्तीत सांगत फिरलो होतो, की गूढ दिसले की कारण शोधा; हेतुफल पाहणे हाच बुद्धाचा मार्ग. सरोवराच्या बाबतीत आम्हाला हे जमले. चार्जरच्या बाबतीत जमले नाही. कारण शोधण्याऐवजी आम्ही माणूस शोधला.

बाकीचे भाग आम्ही त्याच्याविना पाहिले. जहाज, समुद्र, 1899 हे सगळे खोटे, यंत्राने मनात उभे केलेले जग आहे हे उलगडते. शेवटी नायिका मॉरा 2099 मध्ये अंतराळयानात जागी होते, आणि तिथेच मालिका संपते. पुढचे दोन सीझन निर्मात्यांच्या डोक्यात होते. 1 जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला मानवंदना देऊन परतलो आणि बातमी कळली. 2 जानेवारी 2023 ला निर्मात्यांनीच जाहीर केले होते की मालिका रद्द. प्रदर्शित होऊन दीड महिनाच झाला होता. आपल्याकडच्या 'लैला'चेही तसेच. शुद्धीच्या नावाने भिंती बांधणारे आर्यावर्त दाखवणारी ती मालिका 2019 मध्ये सहा भागांवर थांबली, दुसरा सीझन आला नाही.

पोरे चिडली. एवढ्या रात्री फुकट गेल्या म्हणाली. तेव्हा आम्ही त्यांना 1936 ची आठवण दिली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचून घाबरले, मजकूर बदला म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी ते न झालेले भाषण स्वतः छापले. पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे असे आपल्यापर्यंत आले. वरच्यांनी रद्द केले म्हणून काम संपत नाही. पुढचा भाग आपल्याला करावा लागतो.

हे बोलून झाले आणि आमचेच शब्द आमच्यावर उलटले. आमचा पुढचा भाग काय होता ते सगळ्यांना माहीत होते.

आम्ही चौघे बेड्यावर गेलो. माफी मागितली, चार्जर सापडल्याचे सांगितले. त्या मुलाची आजी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "सापडला म्हणून आले. नसता सापडला तं आले असते का?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आजही लाज वाटल्याशिवाय देता येत नाही.

निघताना त्या मुलाने एवढेच विचारले, "त्या फेकलेल्या पोराचं काय झालं?" आम्ही सांगितले की तो मेला नव्हता, त्याच कपाटात पुन्हा सापडला. आणि त्याच्यापुढची गोष्ट मालिकावाल्यांनी बंद केली. "मंग तुम्ही सांगा ना पुढची," तो म्हणाला.

तो अभ्यासिकेत परत आलेला नाही. आम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ बेड्यावर जातो, पुस्तके आणि चार्जिंगचा दिवा घेऊन. तो कधी बसतो, कधी उठून जातो. तो त्याचा अधिकार आहे. अभ्यासिकेत आम्ही एक नियम लावला आहे. वस्तू हरवली तर ती शोधायची, पिशवी कुणाचीही उघडायची नाही.

मित्रांनो, मनोऱ्याला जिना नाही हे आपण शंभर वर्षे सांगत आलो. आपल्याखालीही एक मजला आहे, आणि तिथल्या जाळीच्या दाराची किल्ली कधी कधी आपल्या खिशात असते. ती काढून दार उघडणे हे वरच्याला जाब विचारण्याइतकेच चळवळीचे काम आहे. आपापल्या विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहात दाराजवळ कोण बसते ते एकदा पाहा. आणि त्याच्यावर संशय घेतला गेला तर पुरावा सापडायची वाट पाहू नका. त्याच क्षणी बोला. आम्ही बोललो नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.