अर्जात न मावलेलं

शिष्यवृत्ती म्हटलं की आमच्या पिढीला चौथी-सातवीची परीक्षा आठवते. जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न, आणि निकालानंतर फळ्यावर खडूने लिहिलेली नावं! अलीकडे आठवीत आणखी एक परीक्षा असते, एनएमएमएस. केंद्र सरकारने ती २००८ साली सुरू केली. घरची परिस्थिती बेताची असलेल्या हुशार मुलांनी आठवीनंतर शाळा सोडू नये हा हेतू. निवड झाली की नववी ते बारावी दरमहा हजार रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००. दहावीत ६० टक्क्यांची अट आहे, ती पाळली तरच पुढची दोन वर्षं.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात ही शिष्यवृत्ती मिळवलेली एक मुलगी आहे. यंदा बारावीत आहे. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं आणि पुढे पुणे विद्यापीठातून एम.एस्सी., असं तिने ठरवलंय. आजीच्या हट्टामुळे चार वर्षांच्या ४८,००० मधला बराच भाग बँकेत शिल्लक आहे. त्यातून पुण्यातल्या पहिल्या वर्षाची सोय होईल. पुढचं काय? म्हणून एका खाजगी ट्रस्टचा अर्ज भरायला घेतला. त्यात दोन प्रश्न होते. तुमच्यावर कुटुंबातल्या कोणाचा प्रभाव आहे? तुम्ही कोणतं स्वयंसेवी काम केलंय?

शुद्धलेखन तपासायला तो कागद माझ्याकडे आला. "माझे आईवडील माझे प्रेरणास्थान आहेत. मला समाजसेवेची आवड आहे." एकही चूक नव्हती, पण ती मुलगी त्यात कुठे दिसत नव्हती!

मी विचारलं, "हिशेबाची आवड तुला कुणी लावली गं?"

"आजीनं, बाई."

आजी दुसरीपर्यंत शिकलेली. बचत गटाची वही तिच्याकडे असते. "हिशेब कळला की कुणी फशिवत न्हाई," हे तिचं नेहमीचं वाक्य. आजोबा रयतच्या वसतिगृहात राहून, शेतावर काम करून मॅट्रिक झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. ही गोष्ट त्या घरात अजून घरच्याच कुणाची असावी तशी सांगतात.

आणि समाजसेवा? दर रविवारी ही मुलगी देवळाच्या ओट्यावर बसते. बायकांच्या बँकेच्या स्लिपा भरून देते, पेन्शनचे कागद वाचून सांगते, पाचवी-सहावीच्या पोरांकडून पाढे आणि अपूर्णांक करून घेते. चार वर्षं झाली. "पण बाई, त्याचं सर्टिफिकेट कुठाय?" हा तिचा प्रश्न.

प्रश्न बरोबर आहे. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असते. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक शिबिर. योजना चांगलीच आहे, त्यातून घडलेली मुलं मी पाहिली आहेत. पण हिचे तास कुणी मोजलेच नव्हते. ज्या कामाला गावात नावही नाही ते कागदावर येणार कसं? मी म्हटलं, सर्टिफिकेट नसू दे, ओटा, स्लिपा आणि अपूर्णांक लिही. तिने लिहिलं. चांगली दीड पानं झाली.

आता अडचण आहे ती आईची. तिचा शिक्षणाला विरोध नाही बरं का. पण धाकटा मुलगा नववीत, वडील टेम्पो चालवतात. "ट्रस्टानं नाही दिलं तर मधेच परत आणायची का?" असं ती विचारते. यावर भाषण देऊन उपयोग नाही, आकडेच मांडावे लागतात. पुणे विद्यापीठात आणि तिथल्या कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजना आहे, त्याची माहिती मुलीने काढलीय. त्यातून मेसचा थोडाफार भार हलका होईल. आजोबांनी हेच केलं होतं, असं आजीने सुनेला सांगितलं. सून गप्प राहिली. नाही मात्र म्हणाली नाही.

गेल्या रविवारपासून ओट्यावर नववीतल्या दोन मुली तिच्याशेजारी बसायला लागल्या आहेत. स्लिप कशी भरायची, अंगठा कुठे घ्यायचा, हे ती त्यांना शिकवतेय. पुण्याचं अजून ठरलेलं नाही. पण ती गेली तरी बायकांचे कागद अडायचे नाहीत, एवढी तजवीज तिने आधीच करून ठेवली आहे.