मोकळी ठेवलेली कड

सिंक्लेअर स्पेक्ट्रम या ब्रिटिश गृहसंगणकाची कीर्ती झाली ती त्याच्या दर्शनी रूपामुळे. रिक डिकिन्सन यांनी रेखलेली ती काळी आटोपशीर पेटी, बोटांखाली मऊ दबणाऱ्या करड्या रबरी कळा आणि उजव्या कोपऱ्यावर तिरपा उमटलेला चार रंगांचा पट्टा यांची मोहिनी आज चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही ओसरलेली नाही. परंतु या यंत्राचे खरे औदार्य ज्याला पाहावयाचे असेल, त्याने ते फिरवून त्याची पाठ पाहावी. तेथे पेटीला एक लांबट खाच आहे, त्या खाचेतून आतल्या सर्किट बोर्डाची नुसती कड उघडी दिसते, आणि त्या कडेवर दोन्ही अंगांनी धातूच्या अरुंद पट्ट्या ओळीने मांडलेल्या आहेत. झेड-८० प्रोसेसरच्या सोळा पत्तावाहिन्या, आठ डेटावाहिन्या, त्याचे नियंत्रणसंकेत, विजेचा पुरवठा, किंबहुना आतील रॉमला क्षणभर बाजूस सारून तिच्या जागी बाहेरची रॉम बसविण्याची मुभा देणारी एक वाहिनीसुद्धा, असे सगळे त्या कडेवर कोणताही परवाना न मागता हजर असते. स्वतंत्र जोडखोबणी न बसवता बोर्डाचीच कड पुढे काढण्यात काटकसर होती, हे उघड आहे. १२५ पौंडांत १६ किलोबाइटांचे आणि १७५ पौंडांत ४८ किलोबाइटांचे यंत्र विकावयाचे म्हणजे प्रत्येक पेनीचा जमाखर्च मांडावा लागणारच. पण त्या काटकसरीतून जे निपजले ते कृपण नव्हते. वाड्याच्या परसदाराला मालकाने कडीच लावू नये आणि गावाने पिढ्यानपिढ्या तेथून ये-जा करावी, तसा या कडेचा इतिहास आहे.

हौशी माणसे त्या कडेला ध्वनीच्या आणि चित्राच्या नव्या जोडण्या का लावतात, हे समजण्यासाठी मुळात यंत्रात काय होते आणि ते तसे का होते, याची चौकशी करावी लागते. स्पेक्ट्रमचा पडदा आडवा २५६ आणि उभा १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला पंधरा रंगांपैकी हवा तो रंग देण्याची सोय केली असती, तर केवळ पडद्यासाठी २४,५७६ बाइट खर्ची पडले असते, आणि लहान यंत्राची अवघी स्मृतीच १६,३८४ बाइटांची होती. म्हणून रिचर्ड आल्टवासर यांच्या आराखड्यात ठिपक्यांचा आणि रंगांचा कारभार वेगवेगळा ठेवला गेला. ठिपके लागलेले की विझलेले, एवढीच नोंद ६,१४४ बाइटांत. आणि आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला एक शाईचा व एक कागदाचा असे दोनच रंग, त्यांची नोंद ७६८ बाइटांत. ही वाटणी इतकी नेटकी आहे की तिच्याविषयी मला आदरच वाटतो. तिचा परिणाम मात्र सर्वांना ठाऊक आहे: निळ्या भिंतीपुढून पिवळा वीर चालू लागला की भिंतीचा तेवढा तुकडाही पिवळा होतो, आणि वीर पुढे सरकला की पुन्हा निळा.

ध्वनीच्या बाबतीत तर वाटणीचाही प्रश्न नव्हता, कारण वाटण्याजोगे काहीच नव्हते. २५४ क्रमांकाच्या पोर्टवरील एक बिट शून्य केला किंवा एक केला, की आतल्या इवल्या स्पीकरचा पडदा एका बाजूस ढकलला जातो अथवा परत येतो. स्वराची उंची हवी तर ही उघडझाप किती वेगाने करावयाची ते प्रोसेसरनेच मोजावे, आणि मोजीत असताना दुसरे काहीही करू नये. आवाजाच्या लहानमोठेपणाची तरतूद नाही, दुसऱ्या स्वराची नाही, ठेक्याची नाही. तरीही विशीही न गाठलेल्या टिम फॉलिन यांनी १९८७ च्या ‘क्रोनोस’साठी याच एका बिटातून अनेक स्वर एकाच वेळी वाजत असल्याचा भास निर्माण करणारे संगीत रचले; स्पंदनांची लांबी सूक्ष्मपणे बदलून आणि वेगवेगळ्या स्वरांची स्पंदने एकमेकांत गुंफून हा भास उभा राहतो. आपल्या देशात १९८८ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला, तेव्हा येथील घरांत हाच एका बिटाचा कंठ आला, आणि त्याच्या पाठीशी तीच उघडी कडही आली.

कडेला प्रथम जोडल्या गेलेल्या ध्वनिपेट्यांत जिचा मान मोठा, ती चिप म्हणजे जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची एवाय-३-८९१२. तिच्यात स्वराच्या तीन स्वतंत्र वाहिन्या, गोंगाटाचा एक उगम आणि आवाजाला चढउताराचा आकार देणारी एक योजना असते; प्रोसेसरने तिच्या रजिस्टरांत आकडे लिहून ठेवावे आणि खुशाल दुसऱ्या कामास लागावे, स्वर ती एकटी सांभाळते. ज्याने वर्षानुवर्षे एका बिटापाशी प्रोसेसरला डांबून ठेवलेले पाहिले आहे, त्यालाच या मुक्ततेचे मोल कळेल. इंग्लंडात फुलर कंपनीने आपल्या ‘फुलर बॉक्स’मध्ये ही चिप बसवली, पण तिला स्वतःच्या मर्जीचे पत्ते दिले. पुढे खुद्द स्पेक्ट्रम १२८ मध्ये, जो १९८५ साली आधी स्पेनमध्ये आणि १९८६ साली ब्रिटनमध्ये आला, हीच चिप आत बसली; तेथे तिचे पत्ते ६५५३३ आणि ४९१४९ असे ठरले, आणि त्यानंतरच्या रचनाकारांनी त्या दोन आकड्यांना सनदेचा मान दिला. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील डिडाक्टिक या कारखान्याने जेव्हा जुन्या यंत्रांसाठी ‘मेलोडिक’ नावाची जोडणी काढली, तेव्हा तिने हेच पत्ते शिरोधार्य मानले. चिप तीच, स्वर तेच; परंतु १२८ साठी रचलेले संगीत ‘मेलोडिक’वर वाजते आणि ‘फुलर’वर वाजत नाही, कारण त्या पत्त्यावर हाक मारली तर तेथे ओ देणारे कोणी नसते.

पत्त्यांचा हा मामला या छंदाच्या अगदी मध्यभागी आहे. स्पेक्ट्रमच्या आत चित्र, कळा, कॅसेट आणि स्पीकर सांभाळणारी फेरांती कंपनीची चिप, जिला सारे यूएलए म्हणतात, ती कोणत्याही सम पत्त्याला उत्तर देते. पत्त्याचा शेवटचा बिट शून्य आहे एवढेच ती पाहते, बाकीचे पंधरा बिट पाहण्याचा खर्च तिने केलेला नाही. जोडण्या करणाऱ्यांपैकी अनेकांनी तोच कित्ता गिरवला. मग दोन जोडण्या एकामागे एक लावल्या की एकाच हाकेला दोघी ओ देतात, डेटावाहिनीवर दोघींचे बोलणे एकमेकांत मिसळते, आणि यंत्र गोठून उभे राहते. आजचा हौशी माणूस ऑसिलोस्कोप लावून संध्याकाळच्या संध्याकाळ शोधतो ते हेच की कोणी कोणाच्या हद्दीत दखल दिली. आणि कज्जा मिटविण्यासाठी एखादे जादा लॉजिक गेट घालून पत्ता अधिक काटेकोर वाचावयास शिकवतो. हे काम मला नव्या ध्वनीइतकेच सुंदर वाटते. त्यात जुन्या यंत्राचे मन जाणून घेतल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

एक चिप जमली की दुसरीची इच्छा होतेच. रशियात रूढ झालेल्या ‘टर्बोसाउंड’ या जोडणीत दोन एवाय चिपा शेजारी बसतात, त्याच पत्त्यावर आधी २५५ किंवा २५४ हा आकडा लिहून दोघींपैकी कोणत्या चिपेशी बोलायचे ते सांगावयाचे, आणि तीन स्वरांचे सहा होतात. कोणी १२८ च्या पोटातील चिपेच्या तीन निर्गमांना वेगळे डाग लावून एक स्वर डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मध्यभागी असा पसरतो. मूळ चिपा आता कारखान्यातून येत नाहीत. जुन्या बोर्डांवरून त्या उतरवाव्या लागतात, किंवा यामाहाची वायएम-२१४९ ही त्यांची सगोत्र बहीण शोधावी लागते. ज्याचा कान तयार आहे त्याला या चिपेचा एक स्वभाव लवकरच जाणवतो. १२८ मध्ये तिला मिळणारी मूळ गती प्रथम सोळाने आणि मग रजिस्टरातील पूर्णांकाने भागून स्वर तयार होतो. मध्यसप्तकात भाजक २५२ असतो तेव्हा सुमारे ४४० हर्ट्‌झ मिळतात आणि भाजक एकाने उतरवला तर पावणेदोन हर्ट्‌झांचाच फरक पडतो. पण वरच्या टोकाला भाजक २८ वरून २७ वर आणला की स्वर एकदम दीडशे हर्ट्‌झांच्या आसपास उडी मारतो. दोन्हींच्या मधल्या श्रुती या चिपेत नाहीतच. म्हणून जाणते रचनाकार उंच स्वरांवर रेंगाळत नाहीत, त्यांना चटकन स्पर्श करून खाली येतात. ही त्यांच्या रचनेची शैली आहे आणि ती शैली यंत्रानेच घडविली आहे.

चित्राच्या बाजूस जोडणी करणे अधिक कठीण, कारण ध्वनी बाहेरून मिसळता येतो, पडद्यावरचा रंग मात्र यूएलएच्याच स्वाधीन असतो. त्यातून एक वाट निघाली ती काहीही न जोडता. दर सेकंदाला पन्नास वेळा चित्र रेखले जाते, एका चित्रात ३१२ रेषा, एका रेषेला प्रोसेसरचे २२४ ठोके. तेव्हा चित्र रेखणारा किरण एका चौकोनाच्या दोन रेषांमध्ये असतानाच त्याचे रंग बदलून टाकले, तर एकाच चौकोनात दोहोंहून अधिक रंग दिसतात. त्यासाठी प्रत्येक आज्ञेला लागणारे ठोके मोजून प्रोग्राम रचावा लागतो, आणि एका बिटाच्या संगीतात होती तीच तपश्चर्या येथे पुन्हा करावी लागते. दुसरी वाट टाइमेक्स कंपनीने १९८३ मध्येच दाखविली होती. तिच्या २०६८ यंत्रात रंगांचा चौकोन आठ बाय आठऐवजी आठ बाय एक ठिपक्यांपर्यंत आकसविता येई. तिसरी वाट म्हणजे ‘यूएलएप्लस’, ज्यात चौकोन तसाच राहतो, दोन रंगांचा नियमही तसाच राहतो, पण शाई आणि कागद २५६ रंगांतून निवडलेल्या ६४ रंगांच्या पेटीतून येतात. क्रिस स्मिथ यांनी मूळ यूएलएची अंतर्रचना उलगडून २०१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हापासून या वाटेवर चालणाऱ्यांच्या हाती भक्कम दस्तऐवज आला.

येथे एक प्रश्न मला टाळता येत नाही, तो असा की जोडता जोडता मूळ यंत्र कोठे संपते? १९९० च्या दशकात रशियात ‘जनरल साउंड’ नावाचे कार्ड झाले. त्यात ध्वनीच्या चार वाहिन्या तर होत्याच, शिवाय स्वतःचा झेड-८० प्रोसेसर होता, आणि तो यजमान यंत्राच्या साडेतीन मेगाहर्ट्‌झांहून पुष्कळ वेगाने चालत असे. यजमानाने फक्त हुकूम सोडावा, काम पाहुण्याने करावे. २०१७ मध्ये घोषित झालेल्या आणि २०२० पासून लोकांच्या हाती आलेल्या ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’मध्ये तर तीन एवाय चिपांचा आवाज, १२८ स्प्राइट आणि २८ मेगाहर्ट्‌झांपर्यंतची गती आहे, डिकिन्सन यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्याचीही पेटी रेखली. ही कामे थोर आहेत आणि ती करणाऱ्यांचे कौशल्य वादातीत आहे. तरीही माझा ओढा ‘टर्बोसाउंड’कडे आणि ‘यूएलएप्लस’कडे आहे, कारण तेथे श्रम अजून जुन्या प्रोसेसरचेच असतात, जोडणी त्याला चार शब्द अधिक देते, त्याच्या वतीने बोलत नाही.

‘यूएलएप्लस’साठी लिहिलेले प्रोग्राम सुरू होताना काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. ते आपल्या पत्त्यावर एक रंग लिहितात आणि लगेच तो परत वाचून पाहतात. लिहिले तेच परत आले तर जोडणी हजर आहे असे समजून रंगांची नवी पेटी उघडतात. न आले तर काही न बोलता मूळ पंधरा रंगांत चित्र मांडतात. चांगल्या रचनाकाराने दोन्ही चित्रे सारख्याच निष्ठेने काढलेली असतात, आणि १९८२ च्या कोऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसालाही तो खेळ शेवटपर्यंत खेळता येतो.