पेन्सिलची रेघ

मुरबाडकडचे आमचे जुने घर दोन पावसाळ्यांपूर्वी बसले. कौले गेली, भिंती गेल्या. हाती लागल्या त्या सागाच्या पाच फळ्या. दादाजानच्या हातच्या. शहापूरच्या नव्या घराच्या खिडक्यांना या फळ्यांच्या जाळ्या करायच्या, आठ कोनी चांदण्यांच्या, असे अम्मीने ठरवले. अब्बा म्हणाले, "करा. पण सहावी फळी नाही, एवढं ध्यानात ठेवा."

अब्बा सुतार. आता हात थरथरतो, पटाशी धरवत नाही. आम्ही दोघे भाऊ. एक शहापुरात फर्निचरच्या दुकानी, दुसरा मुरबाडच्या एमआयडीसीत फिटर. सुटे भाग मागवून आम्ही घरीच एक छोटे सीएनसी राउटर उभे केले होते. संगणकावर नक्षी काढायची, मशीनने ती लाकडात कोरायची. अब्बांना हे पटले नव्हते. त्यांनी फळ्या दिल्या, ते केवळ आमच्यावरच्या मायेपोटी.

पहिली फळी वाया गेली. चांदण्या डावीकडे चोख, उजवीकडे जाता जाता एकमेकींत घुसल्या. मशीन शून्यावर परतले, तर कटर मूळ खुणेपासून 3 मिलिमीटर दूर. आम्ही विजेला दोष दिला. मग शहापूरच्या पावसाला. तानसा-भातसाच्या तालुक्यात लाकूड फुगणारच! मोटारीचा करंट वाढवला, वेग कमी केला आणि दुसरी फळी लावली. तीही गेली. त्या रात्री आम्ही एकमेकांवर खापर फोडले. एक म्हणे जोडणी तुझी, दुसरा म्हणे नक्षी तुझी. अब्बा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

आठ दिवस आम्ही नुसते बदल करत होतो, मोजत नव्हतो. मग मोजायला बसलो. स्टेपर मोटार एका फेऱ्यात 200 पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे 16 तुकडे करतो, म्हणजे 3200. आमच्या स्क्रूचा आटा 5 मिलिमीटरचा, म्हणून एका मिलिमीटरला 640. हे मशीन ग्रबल या प्रणालीवर चालते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी 2009 साली सुरू केलेली ही प्रणाली सर्वांना फुकट आहे. तिच्यात आकडा 640च होता. 100 मिलिमीटर सरकायला सांगितले, तेवढेच सरकले. हिशोब बरोबर होता.

मग डायल गेज लावून पुढे-मागे केले. दिशा बदलताना 0.15 मिलिमीटर ढिलाई. नट झिजला होता. पण अशी ढिलाई दर वेळी तेवढीच राहते, साठत जात नाही. आमची चूक तर वाढत वाढत 3 मिलिमीटर झाली होती. म्हणजे एक तर मोटार पावले चुकत होती, नाही तर मोटार नि स्क्रू यांच्या मध्ये काहीतरी घसरत होते. यातले कोणते, ते कळेना.

अब्बा बाजेवरून पाहत होते. म्हणाले, "चौकट सोडवताना आम्ही दोन्ही तुकड्यांवर मिळून एक रेघ मारतो. तुम्ही मारली का?"

आम्ही मारली नव्हती. मोटारीचा दांडा, कपलिंग आणि स्क्रू, तिन्हींवरून एक सरळ रेघ ओढली. टाकाऊ प्लायवर तीच नक्षी चालवली. मशीन शून्यावर आले, पुन्हा 3 मिलिमीटरचा फरक. कपलिंग आणि स्क्रूवरची रेघ अखंड होती. दांड्यावरची मात्र अर्ध्या फेऱ्याहून जरा जास्त सरकलेली. 5 मिलिमीटरच्या फेऱ्यात 3 मिलिमीटर म्हणजे 216 अंश. हिशोब जुळला. मोटार एकही पाऊल चुकली नव्हती. दोष होता गोल दांड्यावर टेकलेल्या एका ग्रब स्क्रूचा, जोर आला की तो निसटत होता. तो कसला नव्हता आमच्यापैकीच कुणीतरी. कोणी, ते आम्ही पुन्हा काढले नाही.

दांडा कानशीने थोडा सपाट केला आणि स्क्रू त्या सपाटीवर घट्ट बसवला. करंट पूर्वीइतका खाली आणला. मोटार उगाच तापत होती. नट बदलला. प्लायवर दहा वेळा नक्षी चालवली, दहाही वेळा कटर खुणेवर आले. मगच तिसरी फळी लावली.

आमच्यासारखे साधे मशीन हुकूम मोजते; हुकूम पाळला गेला की नाही, ते पाहत नाही. ते पाहणे माणसाचे काम. आठ दिवस आम्हीही मशीनसारखेच वागलो होतो.

जाळी तयार झाली, तेव्हा अब्बांनी तिच्यावरून हात फिरवला, एकेका चांदणीच्या कोनात बोट घालून. मग बिघडलेल्या दोन फळ्या मागून घेतल्या. एका फळीच्या चांगल्या भागातून त्यांना रेहल करायची आहे. एकाच फळीतून, सांधा न लावता. पटाशी आम्ही धरायची, खुणा ते करणार.

मशीनवरची रेघ आम्ही पुसलेली नाही. काम सुरू करण्याआधी आधी तिच्याकडे पाहतो.