हुंडेकरी, रवन्ना आणि ई-वे बिल

मालवाहतुकीच्या मराठी शब्दसंग्रहात ‘हुंडेकरी’ हा आम्हांस सर्वांत अर्थगर्भ वाटणारा शब्द आहे. ठोक रकमेचा करार म्हणजे हुंडा. माल पोचवण्याचे भाडे आणि वाटेवरच्या जकाती यांचा एकत्रित भार अशा ठोक रकमेत जो अंगावर घेई, तो हुंडेकरी. व्यापाऱ्याने माल त्याच्या स्वाधीन करावा आणि निश्चिंत व्हावे. नाक्यानाक्यावरची कागदपत्रे, पावत्या आणि हुज्जती ही हुंडेकऱ्याची डोकेदुखी. आज संगणकप्रणाली विकणारे जे आश्वासन देतात, ते याहून फारसे निराळे नाही.

सीमाभागातील माणसाला या बदलाचे महत्त्व सांगावे लागत नाही. निपाणीचा तंबाखू असो वा कोल्हापूरचा गूळ, राज्याची हद्द ओलांडताना ट्रकांच्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचे विक्रीकर तपासणी नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल सक्तीचे झाले; राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ते त्याच दिवशी लागू करणारे पहिले राज्य कर्नाटक. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल निघण्यापूर्वी त्याचा तपशील संगणकावर भरायचा, बारा अंकी क्रमांक घ्यायचा आणि गाडी सोडायची. ‘अ’ भागात मालाची माहिती, ‘ब’ भागात गाडीचा क्रमांक. वाटेत गाडी बदलली तर ‘ब’ भाग नव्याने भरायचा. २०२१ पासून साधारण मालाला दर दोनशे किलोमीटरांस एक दिवसाची मुदत मिळते. ही व्यवस्था जुन्या नाक्यांहून निःसंशय बरी आहे, आणि नाक्यांची हळहळ वाटणाऱ्यांत आम्ही नाही.

प्रश्न त्या कागदाच्या भाषेचा आहे. जुन्या अडतींतील बिल्ट्या चाळताना ‘पोती चाळीस, गूळ, मालकाच्या जोखमीवर’ अशी ओळ दिसते. खाली भराई, हमाली, तोलाई यांचे आकडे आणि दिवाणजींची वळणदार सही. ती बिल्टी मालधन्याला वाचता येई, हमालाला कोणीही वाचून दाखवू शके, आणि दोन पोती कमी भरली तर गाडीवाला त्याच कागदावर बोट ठेवून भांडू शके. आमच्या मते कागदाचे खरे सामर्थ्य या भांडण्यात होते.

गेल्या वर्षी एका स्नेह्याच्या छापखान्यासाठी कोल्हापुराहून कागदाची रिमे आली. चंदगडकडचा चालक. त्याच्या हातातील छापील प्रत सगळी इंग्रजीत होती. आम्ही सहज विचारले, मुदत कधीपर्यंत आहे? तो म्हणाला, “ते काय मला वाचाय येत न्हाई, मालक. गाडीचा नंबर तेवढा बरोबर हाय, तो मी बघून घेतलाय.” मराठी चौथी-पाचवीपर्यंत शिकलेला हा माणूस वर्तमानपत्र वाचतो, पण ज्या कागदाच्या बळावर तो हद्द ओलांडून आला, त्यातील स्वतःच्या गाडीचा क्रमांक तेवढा त्याच्या ओळखीचा होता.

मुदत संपणे ही किरकोळ बाब नव्हे. माल आणि गाडी अडवून ठेवता येते, आणि मालाचा धनी पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट. हैदराबादेत २०२० च्या जानेवारीत निदर्शनांमुळे वाहतूक अडली आणि कागद नेणाऱ्या एका गाडीच्या ई-वे बिलाची मुदत उलटून गेली. तेवढ्यावरून करचुकवेगिरीचा निष्कर्ष काढण्यात आला. उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अपील फेटाळून खर्चाची रक्कम आणखी वाढवली. व्यापाऱ्याजवळ न्यायालयाची पायरी चढण्याइतके बळ होते, म्हणून हे प्रकरण निकालापर्यंत पोचले. नियमानुसार मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास ती वाढवून घेता येते. पण ज्याच्या समोर वाहतूक तुंबलेली असते, त्यालाच मुदत वाचता आली नाही, तर कचेरीत फोन करणार कोण?

‘सर्व भाषांत नमुने छापणे परवडत नाही’ हे उत्तर आम्ही अनेक खिडक्यांवर ऐकले आहे. छापील नमुन्यांच्या काळात त्यात थोडे तथ्यही असेल. आता मात्र ते टिकत नाही. या बिलात मालाची ओळख मुळात आकड्याने होते: १७०१ मध्ये ऊस-साखरेसोबत गूळ, २४०१ म्हणजे कच्चा तंबाखू, ४८०२ मध्ये लिहिण्या-छापण्याचा कागद. तारीख, वजन, अंतर, गाडी हेही आकडेच. आकड्याला भाषा नसते. त्याच्यासमोर कोणता शब्द उमटवायचा, हे एका तक्त्याचे काम आहे. चालकाची प्रत मराठी, कन्नड, तेलुगू, त्याला जी वाचता येईल त्या भाषेत निघावी. तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या यंत्राला क्रमांक पुरतो. त्याचे काहीच अडणार नाही. कन्नड चालकाला सोलापुरात हीच सोय मिळावी, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणतो.

जाता जाता नावाविषयी. ‘बिल’ म्हटले की आपल्याकडे पैसे देणे आले. आमच्या परिचयाच्या एका आजींनी ‘केवढ्याचं आलं बिल?’ असेच विचारले होते. म्हणून ‘मार्गदेयक’ हे भाषांतरही फसवेच, कारण यात देय काही नाही. माल पुढे जाऊ देण्याच्या परवान्याला ‘रवन्ना’ हा शब्द आपल्याकडे होताच. ‘दस्तक’ही होता, पण कंपनीच्या नोकरांनी बंगालात त्याचा एवढा दुरुपयोग केला की तो सुचवताना आम्हांस संकोच वाटतो. निपाणीच्या एका बंद पडलेल्या अडतीतून मिळालेला बिल्ट्यांचा गठ्ठा सध्या आमच्या मेजावर आहे. त्यातील शब्द आम्ही एकेक टिपून घेत आहोत; कसरीने खाल्लेल्या कडांवरचे काही अजून लागलेले नाहीत.