दोन पाऊस

'डायब्लो टू' या गेमच्या पहिल्या अंकात छावणीवर पाऊस पडतो. 2000 साली आलेल्या मूळ गेममध्ये तो म्हणजे अंधारावर तिरप्या ओढलेल्या पांढुरक्या रेघा. 2021च्या सप्टेंबरात आलेल्या 'डायब्लो टू: रिझरेक्टेड' या नव्या आवृत्तीत त्याच छावणीत तोच पाऊस पडतो, पण आता चिखल चकाकतो, दगड ओले दिसतात, शेकोटीचा उजेड भिजल्या जमिनीवर हलतो. आणि कीबोर्डवरचं 'जी' हे अक्षर दाबलं की हे सगळं एका क्षणात मावळतं. जुन्या रेघा परत येतात. गेम थांबत नाही, चाल तुटत नाही, समोरचा राक्षस होता तिथेच उभा असतो. पुन्हा 'जी' दाबा, पुन्हा ओला चिखल.

आमच्या कुंभिवली गावात जुलैच्या संध्याकाळी हे पाहावं. बाहेर खराखुरा पाऊस इतका दाट असतो की पूर्वेची खंडाळ्याच्या घाटाची भिंत दिवस दिवस दिसत नाही. सावरोली-खारपाडा रस्त्यावरून कारखान्यांचे ट्रक जातात, तेही फक्त आवाजाने कळतात. कौलांवरून पागोळ्या लागलेल्या, भातखाचरं तुडुंब, पाताळगंगा गढूळ. आणि ओटीवर बसून माझा भाचा विचारतो, "मामा, घेऊ का हा गेम? का जुनाच रंग लावून विकतायत?"

प्रश्न पैशांचा आहे आणि तो खरा आहे. बाजारात आला तेव्हा या गेमची किंमत जवळपास 40 डॉलर होती. सेलमध्ये ती खाली येते, तरी अकरावीतल्या मुलाने साठवलेले पैसे त्यात जातातच. एकवीस वर्षं जुन्या वस्तूला नवी झळाळी देऊन ती पुन्हा विकायला ठेवली, तर घेणाऱ्याने काय पाहून घ्यावी? माझं उत्तर मला स्वच्छ दिसतं: नवं काय घातलंय ते नंतर पाहावं, आधी जुन्याचं काय केलंय ते पाहावं.

या गेमच्या बाबतीत जुन्याचं जे केलंय ते ऐकण्यासारखं आहे. वरून सगळं नवं दिसत असलं तरी पोटात जुनाच गेम चालतो. मूळ गेमचा हिशेब सेकंदाला पंचवीस ठोक्यांनी चालायचा. तलवार कधी लागली, किती लागली, बाण कुठे पोचला, हे त्या ठोक्यांवर ठरायचं. नव्या आवृत्तीतही तेच ठोके ठरवतात. व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओच्या लोकांनी त्यावर नवी त्रिमितीय चित्रं चढवली, एवढंच. एवढंच म्हणालो, पण काम डोंगराएवढं होतं. मूळ गेममधली पात्रं आधी संगणकावर त्रिमितीय घडवून मग त्यांची प्रत्येक दिशेने, प्रत्येक हालचालीची सपाट चित्रं काढलेली होती. 640 गुणिले 480 ठिपक्यांच्या पडद्यावर एका माणसाच्या वाट्याला मूठभर ठिपके यायचे. त्या मूठभर ठिपक्यांवरून चिलखताची बिजागरी कुठे असेल, झग्याची शिवण कशी असेल, हे नव्या चित्रकारांना ठरवावं लागलं. मध्ये मध्ये येणारे चित्रपटखंड, एकूण सत्तावीस मिनिटांचे, त्यांनी दृश्यामागून दृश्य तसेच ठेवून नव्याने घडवले. मॅट उल्मेनचं संगीत ठेवलं. ट्रिस्ट्रम गावाची ती गिटार ऐकली की अजूनही माझ्या मानेवर काटा येतो, आणि ती बदलायचा मोह कुणाला झाला नाही याबद्दल मी त्या अनोळखी माणसांचा ऋणी आहे.

मुळात हा गेम आपल्यापर्यंत पोचला हेच थोडं नवल आहे. तो बाहेर पडायच्या काही महिने आधी ब्लिझर्ड नॉर्थ या स्टुडिओतली त्याची मूळ सामग्री, राखून ठेवलेल्या प्रतींसकट, खराब झाली होती. एरिच आणि मॅक्स शेफर या त्याच्या निर्मात्यांनी पुढे ही हकिगत सांगितली. लोकांच्या घरच्या संगणकांवर जे जे उरलं होतं ते गोळा करून त्यांनी तो पुन्हा जोडला. सगळ्याच खेळांचं नशीब असं नसतं. 'आइसविंड डेल टू'चा मूळ कोड सापडत नाही म्हणून त्याची सुधारित आवृत्ती अडून राहिली. 'बाल्डर्स गेट' 2012 साली सुधारून आला, पण त्याची मूळ चित्रसामग्री हरवली होती, त्यामुळे कारागिरांना हात आखडता घ्यावा लागला. 'फायनल फँटसी एट' 2019 मध्ये आला तेव्हा माणसं लख्ख दिसत होती आणि त्यांच्या पाठीमागची दृश्यं जुनीच, धुरकट. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये मांडलं. तेव्हापासून माझ्या मनात रिमास्टरबद्दलची, म्हणजे अशा सुधारून विकलेल्या आवृत्त्यांबद्दलची, जुनी तक्रार मवाळ झाली आहे. पुन्हा विकतात म्हणून रागवायचं, तर न विकता हरवून जातं त्याचं काय?

आमच्या खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक आहे. हे देऊळ सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी 1725 साली बांधलं, असं सांगतात. तळ्यात सापडलेली जुनी मूर्ती काळाने झिजली, म्हणून पुढे नवी मूर्ती बसवली गेली. त्यावर मतभेद झाले, आणि शेवटी दोन्ही मूर्ती राहिल्या: एक गाभाऱ्यात, एक बाहेर. लहानपणी आजीबरोबर जायचो तेव्हा ती आत हात जोडायची आणि बाहेर येऊन त्या झिजलेल्या, शेंदराखाली नाकडोळे जेमतेम कळणाऱ्या मूर्तीपुढे थोडा जास्त वेळ उभी राहायची. तिला घाई करता यायची नाही. देवाची गोष्ट खेळाच्या शेजारी ठेवतो आहे ते पूर्ण आदराने, कारण जुन्याशेजारी नवं कसं ठेवावं याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही. नवं बसवताना जुनं नजरेआड करू नये. 'जी' दाबून तो पांढुरक्या रेघांचा पाऊस बघता येतो म्हणूनच ओल्या चिखलावर माझा विश्वास बसतो.

याउलटही घडलेलं आहे, आणि त्याच ब्लिझर्डच्या घरात. 2020च्या जानेवारीत 'वॉरक्राफ्ट थ्री'ची नवी आवृत्ती आली तेव्हा तिने जुन्याची जागाच घेतली. ज्यांनी नवी विकत घेतली नव्हती त्यांच्याही संगणकावरचा जुना गेम बदलला. लोक संतापले ते चित्रं बरी-वाईट असण्यापेक्षा या कारणाने जास्त, आणि मला तो संताप रास्त वाटतो.

पण आता मला त्या गोष्टीकडे यायचंय जी माझ्यासाठी सगळ्यात जड आहे.

मी हा गेम खोपोलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळलो. वर घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी नळांतून खाली येतं, खोपोलीच्या वीजघरात 1915 पासून वीज होते, आणि आम्हाला मात्र भारनियमनाचं वेळापत्रक पाठ असायचं. क्लास सुटला की सर दोन मशीन चालू ठेवू द्यायचे. कुणीतरी मुंबईहून आणलेली सीडी, पंधरा इंची फुगीर काचेचे मॉनिटर, आणि दोघांच्या मध्ये टाकलेली एक निळी वायर. त्या वायरीवर आम्ही दोघं मित्र एकाच गुहेत शिरायचो. तो बार्बेरियन, मी सॉर्सरेस. इंटरनेट लागायचं नाही, कुणाची परवानगी लागायची नाही. तो मेला की शेजारच्या खुर्चीतून खरीखुरी किंकाळी यायची. दिवे गेले की दोघंही काळोखात हसत बसायचो आणि पावसाचा आवाज ऐकायचो. डेकर्ड केन नावाचा म्हातारा वस्तू ओळखून द्यायचा, त्याच्या तोंडून आम्ही कितीतरी इंग्रजी शब्द शाळेच्या आधी शिकलो. अर्थ लागायचा नाही तेव्हा मित्र छातीठोकपणे काहीतरी सांगायचा आणि आम्ही त्यावर महिनोन् महिने चालायचो.

तसा दोन मशीन थेट जोडून खेळायचा मार्ग नव्या आवृत्तीत नाही. 2021च्या ऑगस्टमध्ये, गेम यायच्या थोडं आधी, सुरक्षेचं कारण देऊन तो काढून टाकल्याचं जाहीर झालं. कारण खोटं असेल असं मी म्हणत नाही. जुन्या जोडणीत छिद्रं असतात. पण शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांना आता एकमेकांना भेटायला कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यावं लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात नेट कधी जाईल याचा भरवसा नाही. चिखल किती चकाकतो यापेक्षा ही वायर गेली याचं मला जास्त वाईट वाटतं. चित्रं परत आणता आली, ठोके जपता आले, संगीत जपलं, त्या काळच्या खेळाडूंनी राखून ठेवलेले जुने सेव्हसुद्धा नव्यात उघडतात. गेलं ते एवढंच: एका खोलीतली दोन मशीन.

काही गोष्टी सुधारल्या आणि सुधारायलाच हव्या होत्या. मूळ गेममध्ये मिळवलेल्या वस्तू ठेवायची पेटी इतकी लहान होती की निम्मा खेळ तिच्यात जागा करण्यात जायचा. आता ती मोठी आहे आणि आपल्या सगळ्या पात्रांना वाटून घेता येईल असे कप्पे तिला आहेत. पडलेली नाणी वेचायला प्रत्येक वेळी वाकावं लागत नाही. अक्षरं मोठी करता येतात, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना याचं मोल कळतं. काही जाणकारांना यातही जुन्याचा अपमान वाटतो. मला नाही वाटत. अडचण आणि कस यांत फरक आहे. पेटी लहान असणं ही अडचण होती, पण चुकीचं कौशल्य वाढवलं तर पुढे त्याची किंमत मोजावी लागणं हा कस होता, आणि त्या कौशल्यांचा जुना वृक्ष फांद्यांसकट तसाच उभा आहे.

'ऑब्लिव्हियन'च्या बाबतीत हीच रेघ जरा वेगळ्या जागी ओढली गेली. 2006चा तो गेम 2025च्या एप्रिलमध्ये नव्या रूपात आला: आतलं यंत्र जुनं, चित्रं अनरियल इंजिन फाइव्हची. पण त्यात पात्राची पातळी कशी वाढते याचे नियमच बदलले, आणि सुसाट धावायची (स्प्रिंटची) सोय आणली. जुन्या नियमांत मन लावून खेळणाऱ्याचंच नुकसान होऊ शकायचं, म्हणून बदल समजतो. तरीही जुनी सृष्टी जुन्या गतीने पालथी घातलेल्याला तिथून सुसाट जाताना काहीतरी हातून निसटल्यासारखं होईल. सुदैवाने जुनाही वेगळा विकत मिळतो.

एका बाबतीत मात्र यांतला एकही आपल्याकडे वळून बघत नाही. इतक्या भाषांत हे खेळ बोलतात, त्यांत मराठी नाही. केनचा तो थकलेला, मायेचा आवाज कधीतरी आपल्या भाषेत ऐकावा असं मला मनापासून वाटतं, आणि रिमास्टर करणाऱ्यांना नवं काय घालावं असा प्रश्न पडत असेल तर माझी मागणी तीच आहे.

तर भाच्याला मी सांगितलं, घे. सेलमध्ये घे, पण घे. पहिल्यांदा खेळणाऱ्याने नव्या चित्रांतच खेळावं. आमच्या काळाचे ठिपके त्याच्यावर लादायचं कारण नाही. पहिलीच कामगिरी 'डेन ऑफ ईव्हिल' नावाच्या गुहेची आहे. तिथला शेवटचा राक्षस पडला की अंधारी गुहा उजळते. तो क्षण आला की तिथेच थांब आणि 'जी' दाब, असं म्हटलं. जुन्या चित्रांतही तो उजेड येतो. किती थोडक्या ठिपक्यांत कुणीतरी तो आणला होता हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहावं.

ज्याने हा गेम शंभरदा संपवलाय आणि ज्याच्याकडे जुनी सीडी अजून चालते, त्याने फक्त चिखलासाठी पैसे घालू नयेत. ज्याला मित्राशेजारी बसून वायर टाकून खेळायचंय त्याला तर हा गेम ते देऊच शकत नाही. त्याने जुनाच शोधावा.

भाच्याचा मित्र सावरोलीला राहतो, रोज सायकलने येतो. दोघांनी दोन मशीनवर एकत्र खेळायचं तर दोन प्रती घ्याव्या लागतील आणि नेटही चालू लागेल. म्हणून त्यांना म्हटलं, पैसे निम्मे निम्मे घाला, एकच घ्या, आणि ओटीवर एकाच पडद्यासमोर बसा. एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने पेटी सांभाळायची आणि केन काय म्हणतो ते मराठीत सांगायचं. गुहा संपली की हात बदलायचे.