सायकलींचा डोंगर

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस पूल ओलांडला की मरीन जिल्हा लागतो. मुलाकडे गेलो असता हा मुलूख पाहण्याचा योग आला. तमालपाईस हा तिथला मोठा डोंगर, उंची अडीच हजार फुटांवर. पश्चिमेकडे कुरणे आणि गाईगुरे. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा ठणठणीत कोरडा. त्यामुळे वणव्याचे भय फार. आग विझवणाऱ्या गाड्या वर जाव्यात म्हणून डोंगरावर कच्चे रस्ते काढलेले आहेत.

या रस्त्यांवरच डोंगरी सायकल वाढली. १९७० नंतर फेअरफॅक्स परिसरातील तरुणांनी ३०-४० वर्षांपूर्वीच्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून शोधून काढल्या आणि उतारावर सोडल्या. एक रस्ता सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली येतो. उलटे पेडल दाबून लागणारा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून रस्त्याचे नावच पडले 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे! १९७६ साली तिथे शर्यती सुरू झाल्या.

पुढे जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी सायकल बांधली. गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकलींचा धंदा मांडला. १९८१ मध्ये कारखान्याचा माल बाजारात आला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भंगारातून निघालेली वस्तू वीस वर्षांत जगभर गेली.

पण वापर वाढला तशी भांडणेही आली. पायी चालणारे आणि घोडेस्वार म्हणू लागले, वळणावर अचानक सायकल अंगावर येते. बऱ्याच अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली. आता मोटर लावलेल्या सायकलींनी वादात भर घातली आहे.

माझे लक्ष मात्र मातीकडे गेले. ओल्या वाटेवर चाक फिरले की चाकोरी पडते, चाकोरीत पाणी धावते, आणि तिचीच ओघळ होते. आपल्या उताराच्या पाणंदीचेही हेच दुखणे. तिथे उपाय म्हणून वाटेला थोडा बाहेरचा उतार देतात, ठिकठिकाणी आडवे उंचवटे करून पाणी बाजूला काढतात. अनेक सायकलस्वार सुटीच्या दिवशी स्वतः कुदळ-फावडे घेऊन हे काम करतात.

मंडळी, पूर्वी शर्यत कोणी जिंकली यावरून तिथे नाव होई. आता वाट कोण राखतो यालाही मान आहे. वाट सर्वांची असते. पण पहिल्या पावसाआधी तिच्यावरचे पाणी काढून देणारे हात थोडे असतात. आपल्या गावात ते किती आहेत, हे यंदा मोजून पाहा.